हात मागे

मी सूडापोटी शिकले. ज्ञानाची ओढ, जिद्द, स्वप्नं असले शब्द कोणी माझ्या बाबतीत वापरले की मला हसू येतं. एका बाईचं तोंड बंद करायचं होतं, म्हणून एकेचाळिसाव्या वर्षी मी वह्या-पेन घेऊन बसले. राग आला की मला झोप येत नाही, आणि अभ्यासाला तेवढंच पुरतं.

ती बाई म्हणजे आमच्या हाइमच्या दुसऱ्या मजल्याची इन्चार्ज. हाइम म्हणजे म्हाताऱ्या, आजारी माणसांचं निवासी केअर होम. र्युसेल्सहाइमहून एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, दोन स्टेशनं. दुसऱ्या मजल्यावर अठ्ठावीस खोल्या, आणि त्या सगळ्यांवर या बाईचं राज्य. साठीला टेकलेली, केस बारीक कापलेले, आवाज सिगरेटने घोगरा झालेला. कुणाचं कौतुक केलं तर आपले दात पडतील अशी तिची समजूत असावी.

मी तिथे हेल्फरिन होते, म्हणजे मदतनीस. अंघोळ घालायची, कपडे चढवायचे, भरवायचं, चादरी बदलायच्या, चार पावलं फिरवून आणायचं. गोळ्यांना हात लावायचा नाही, इंजेक्शन द्यायचं नाही, जखमेची पट्टी बदलायची नाही. ते सगळं फाखक्राफ्टचं काम, म्हणजे इथल्या रीतसर पास झालेल्या नर्सचं. आता मी कोण होते ते ऐका. मिरजेत साडेतीन वर्षं जीएनएमचा नर्सिंग कोर्स, त्यानंतर सहा वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स. व्हेंटिलेटरवरचे पेशंट मी सांभाळले आहेत. डॉक्टर जिना चढून येईपर्यंत बंद पडलेली छाती दाबत राहिले आहे. मग लग्न झालं, नवऱ्यामागून इकडे जर्मनीत आले, मुलगी झाली, आठ वर्षं घरात गेली. परत कामाला लागले तर काय, तेवीस वर्षांची पोरगी ट्रॉली ढकलत गोळ्या वाटतेय आणि मी तिच्यामागून लघवीची भांडी उचलतेय. कामाची लाज मला कधीच वाटली नाही. ज्या पायरीवर मला उभं केलं होतं तिची वाटायची.

नवऱ्याला तोंडावर मी अहो म्हणते. लिहिताना एकेरी लिहिणार आहे, तेवढी सूट मी घेतेय. तो गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. एश्बॉर्नला मराठी लोकांचा गणपती असतो, तिथे कुणी विचारलं की तो माझ्याबद्दल सांगतो, "ती हेल्थकेअरमध्ये आहे." एकदा मोदकाच्या रांगेत पुण्याच्या एका बाईने मला विचारलं, "हेल्थकेअर म्हणजे? फार्मा का?" मी म्हटलं, "नाही, म्हाताऱ्यांना अंघोळ घालते." ती म्हणाली, "अय्या, किती छान. व्हॉलंटियर करता का?" परतताना गाडीत नवऱ्याने रेडिओ लावला. मी आवाज वाढवला.

ठिणगी पडली ती नाश्त्याच्या वेळी. जेवणघरात एक आजोबा खुर्चीत घामाने भिजले होते, ओठ पांढरे, हाताला कापरं. ते मधुमेही होते हे मला माहीत होतं आणि साखर उतरलेला माणूस मी शंभर पावलांवरून ओळखते. फाखक्राफ्ट दुसऱ्या खोलीत होती. मी नर्सरूममधून मशीन आणलं, बोटाला टोचलं. बेचाळीस. ज्यूसचा ग्लास उचलते आहे तोवर इन्चार्ज आली. तिने माझ्या हातातलं मशीन काढून घेतलं, स्वतः ज्यूस पाजला, आजोबांच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि मग सगळ्या टेबलांसमोर ती मला म्हणाली, "तू हेल्फरिन आहेस. हे तुझं काम नाही."

"साखर बेचाळीस होती," मी म्हटलं.

"म्हणून तू मला हाक मारायचीस. तुझ्या देशात तू काय होतीस ते मी पाहिलेलं नाही. बोलायचं असेल तर आधी आनेरकेनुंग आण."

आनेरकेनुंग म्हणजे परदेशातल्या पदवीला इथल्या सरकारने दिलेली मान्यता. दुपारी मला लेखी ताकीद मिळाली, फाइलला लागली. मी बरोबर होते हे कुणी बोललंच नाही. मी घरी आले, कपाटाच्या वरच्या फळीवरून सर्टिफिकेटांची फाइल काढली आणि त्याच संध्याकाळी अर्ज भरायला घेतला.

मिरजेच्या कॉलेजकडून कुठला विषय किती तास शिकवला याचा शिक्क्यासह कागद हवा होता. त्यासाठी माझ्या भावाने पाच चकरा मारल्या. साहेब कधी रजेवर, कधी शिक्का कुलपात. सगळं भाषांतर होऊन गेलं, आणि काही महिन्यांनी इथल्या ऑफिसचं उत्तर आलं. वृद्धांची शुश्रूषा: तास अपुरे. शुश्रूषेचं नियोजन: तास अपुरे. म्हणजे परीक्षा द्या. एक तोंडी आणि एक प्रत्यक्ष, खऱ्या रुग्णावर, दोन परीक्षकांसमोर. नापास झालात तर आणखी एकदाच बसता येईल. त्यानंतर ते दार बंद. मरेपर्यंत हेल्फरिन.

"अगं, तुला गरज काय आहे?" नवरा म्हणाला. "माझं नीट चाललंय. तू पार्ट-टाइम कर, घर बघ."

"अहो, मला पार्ट-टाइम माणूस व्हायचं नाहीये."

"जा, जा, आता डायलॉग," तो म्हणाला आणि लॅपटॉपमध्ये शिरला.

तयारीचा कोर्स ऑनलाइन मिळाला, हॅनोव्हरच्या एका संस्थेचा, नऊ महिन्यांचा. ती इमारत मी आजवर पाहिलेली नाही. पडद्यावर बावीस चौकोन. त्यात फिलिपिन्सच्या, बोस्नियाच्या, केरळच्या बायका, सगळ्यांचे आवाज बंद. शनिवारी सकाळी बाई शिकवायच्या, बाकीचं रेकॉर्ड केलेलं. मी सकाळची पाळी करून अडीचला घरी यायचे, भाजी चिरता चिरता कानात लेक्चर लावायचे. चाचण्या, गृहपाठ, सगळं अपलोड करायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण शेळी हुशार होती. माझ्या लेखी नियोजनांना सतत पैकीच्या पैकी. पेशंटला काय येत नाही ते आधी लिहायचं नाही, काय येतं ते लिहायचं. उजवा हात हलतो का? लिहा. चेहरा स्वतः पुसू शकतो का? लिहा. जे तो स्वतः करू शकतो ते त्याला करू द्यायचं, नर्सने फक्त बाजूला उभं राहायचं. मला हे पाठ होतं. तेरा वर्षांची मुलगी माझी उत्तरं ऐकायची, जर्मनमध्ये माझ्या चुका काढायची आणि डोळे फिरवायची. तोंडी परीक्षेत मी पहिल्याच खेपेला पास झाले, आणि चांगल्या गुणांनी.

प्रत्यक्ष परीक्षा आमच्याच हाइममध्ये होती. पेशंट होत्या लकव्याने डावी बाजू गेलेल्या एक आजी. माझं बारा पानी नियोजन परीक्षकांच्या हातात. त्यात मीच लिहिलं होतं: उजव्या हाताने चेहरा स्वतः धुतात, वेळ लागतो, घाई करू नये.

आजींनी कपडा हातात घेतला. बेसिनमध्ये बुडवला. पिळता येईना, तसाच वर उचलला. पाणी कोपरावरून नाइटगाउनच्या बाहीत गेलं, तिथून मांडीवर. हात गालापर्यंत गेला आणि तिथेच थरथरत थांबला. खोलीत दोन परीक्षक खुर्च्यांवर, भिंतीशी इन्चार्ज हाताची घडी घालून, आणि मी धट्टीकट्टी बाई, रिकाम्या हातांनी बाजूला उभी. मिरजेत असं उभं राहिले असते तर पेशंटच्या नातेवाइकांनी वॉर्ड डोक्यावर घेतला असता, आणि मेट्रनने मला दारातच उभं केलं असतं. "सिस्टर, तुमचे हात मोडलेत का?" हे वाक्य मी पहिल्या वर्षाला असताना ऐकलेलं आहे. आजींची हनुवटी टपटप गळत होती.

मी कपडा त्यांच्या हातातून घेतला, पिळला, चेहरा स्वच्छ पुसला, कानामागे, मानेवर. मग कोरडं केलं. मग ओला गाउन काढला, ब्लाउज घातला, बटणं लावली, केस विंचरले. आजींनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, किती बरं वाटतंय त्यांना. मान वर केली तेव्हा एक परीक्षक लिहीत होती आणि दुसरीने लिहिणं बंद केलं होतं.

नापास. कारण एका ओळीत होतं: उमेदवाराने स्वतःच्या नियोजनाच्या विरुद्ध कृती केली आणि रुग्णाची क्षमता हिरावून घेतली. हिरावून घेतली, म्हणे. जसं काही मी आजींच्या कानातले काढून घेतले.

मी किती रडले ते सांगत नाही. रागाने रडले एवढं सांगते. ज्या देशात लोक आपल्या आईला हाइममध्ये ठेवून नाताळला भेटायला येतात, तो देश मला सांगणार की म्हातारीचा चेहरा पुसणं हा गुन्हा आहे. हे मी नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "अगं, पण तूच लिहिलं होतंस ना की त्या स्वतः धुतात? मग तू कशाला मध्ये पडलीस?" बरोबर तेच बोलला जे मला त्या दिवशी ऐकायचं नव्हतं. वर म्हणाला, "सोड आता. झालं तेवढं पुरे." त्याच्या पुढ्यातली ताटली मी उचलून नेली, त्यात अर्धी पोळी होती तरी.

सोमवारी कामावर गेले तर इन्चार्ज लिफ्टसमोर उभी.

"आल्झो, तर मग," ती म्हणाली. "दुसरी परीक्षा तीन महिन्यांनी. आजपासून तू माझ्याबरोबर सकाळची पाळी करशील. आणि खोलीत गेलीस की हात मागे."

"म्हणजे?"

तिने माझे दोन्ही हात धरून माझ्या पाठीमागे नेले आणि एकात एक अडकवले. बालवाडीतल्या पोराला करतात तसं. "असे. मी सांगेपर्यंत पुढे आणायचे नाहीत. डोकं तुझं पास झालंय. हे झालेले नाहीत."

मला त्या क्षणी तिला ढकलावंसं वाटलं. पण दार एकच उरलं होतं आणि त्याची किल्ली हिच्याकडे होती. प्रत्यक्ष परीक्षेची तयारी करून घेतल्याची सही तीच करणार होती.

तीन महिने मी हात मागे बांधून उभी राहिले. आजी मोज्याशी झटत आहेत, मी हात मागे. दुसऱ्या एक आजी चमच्यातलं दही ब्लाउजवर सांडत आहेत, मी हात मागे. हात सुटले की इन्चार्ज दारातूनच म्हणायची, "हेंडं," म्हणजे हात, आणि पुढे जायची. तरुण फाखक्राफ्ट पोरी हसायच्या. सकाळच्या पाळीत पूर्वी मी नऊ जणांची तयारी करायचे, आता पाच जणांची होईना. कॉरिडॉरमध्ये मी मराठीत तिला शिव्या घालायचे, मोठ्याने, हसत हसत, गुड मॉर्निंग म्हटल्यासारखं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. माझे हात दिवसातून दहा वेळा सुटायचे, मग पाच वेळा, मग दोनदा. सुधारले असं मी म्हणणार नाही, दमले.

परीक्षेला पाच आठवडे राहिले असताना तिने आणखी एक केलं. सोळा नंबरच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ होते, इथल्या गाड्यांच्या कारखान्यात जन्मभर फिटर होते, आता पार्किन्सनने हात कापायचे. दोन वर्षं रोज सकाळी त्यांचं सगळं मी करत होते. बोलायला तिरसट माणूस. "चला, आटपा," एवढंच म्हणायचे. टीशर्ट घालायचे नाहीत, रोज इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. मी चार मिनिटांत त्यांना तयार करायचे. आमचं दोघांचं बरं जमायचं, कारण दोघांनाही गप्पा नको असायच्या. आणि तेच एक असे होते जे मला पहिल्या दिवसापासून श्वेस्टर म्हणायचे, सिस्टर. हेल्फरिन म्हणून कधी हाक मारली नाही.

"सोळा नंबरला आता मी जाते," इन्चार्ज म्हणाली. "तू तिकडे जायचं नाही."

"का?"

"कारण मी सांगतेय."

मी नवऱ्याला म्हटलं, "मला ज्यांची सवय आहे तेच तिने काढून घेतले. मुद्दाम. तिला मी नापास व्हायला हवीये." तो पहिल्यांदाच वाद न घालता नुसता "हं" म्हणाला. त्यालाही ते खरं वाटलं असावं.

पेशंट इन्चार्ज निवडते, कोण ते आदल्या दिवशी कळतं. त्या दिवशी फाइल वाचायची, नियोजन लिहायचं. इन्चार्जने माझ्यासमोर फाइल ठेवली. सोळा नंबर.

मी गेल्या महिन्याची पानं उघडली. कपड्यांच्या रकान्यात तिच्या अक्षरात लिहिलं होतं: शर्टाची बटणं देखरेखीखाली स्वतः लावतात. मी ते तीनदा वाचलं. मी त्या माणसाला दोन वर्षं कपडे घातले होते. त्या बोटांना चमचा धरता येत नव्हता, ती बटणं कुठून लावणार? मला सगळा डाव दिसला. फाइलमध्ये हे आहे म्हणजे मला नियोजनात लिहावंच लागणार. मी लिहिणार, उद्या त्यांना जमणार नाही, मी एकतर मदत करणार आणि नापास होणार, किंवा नुसती उभी राहणार आणि त्यांना उघडं ठेवल्याबद्दल नापास होणार. इकडे आड, तिकडे विहीर. मी तिच्याकडे बघितलं. ती कॉफी पीत होती.

"काही विचारायचंय?" ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. मरेन पण हिला विचारणार नाही, असं ठरवलेलंच होतं.

सकाळी परीक्षक त्याच दोघी. म्हातारबुवा पलंगाच्या कडेला बनियनवर बसलेले, शेजारी खुर्चीवर निळ्या रेघांचा शर्ट. चेहरा, हात, दाढी होईपर्यंत सगळं ठीक गेलं. मग मी शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला, म्हटलं, "तुमचा वेळ घ्या. मी इथेच आहे." आणि हात मागे घेतले.

बाह्या त्यांनी चढवल्या. डावी, मग उजवी, उजवीत हात अडकला, सुटला. मग खालचं बटण धरलं. बोटं उडत होती. बटण काजाशी जायचं आणि निसटायचं. पुन्हा. पुन्हा. "नुसती काय बघताय, श्वेस्टर?" ते खेकसले. "लावा की. तुम्ही लावता ना?"

माझे हात मागे एकमेकांत इतके घट्ट होते की नखं रुतत होती. आजींची गळती हनुवटी मला आठवली. मला वाटलं, जाऊ दे, हेल्फरिन तर हेल्फरिन, या माणसाला उघड्या छातीने दोन अनोळखी बायकांसमोर बसवून मला काय मिळवायचंय? मी अर्धं पाऊल पुढेही टाकलं. मग तोंडातून निघालं, "तुम्ही लावणार आहात. मी थांबते."

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, मान खाली घातली आणि कोपर मांडीवर टेकवलं. टेकवलं तसं थरथरणं थोडं कमी झालं. बटण काजात गेलं. मग पुढचं. फिटर माणूस, बोटांनी जागा शोधत होता, डोळ्यांनी नाही. किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. परीक्षकांच्या कागदावर सतरा मिनिटं होती. शेवटचं, गळ्याचं बटण लावून त्यांनी कॉलर सरळ केली.

मी पास झाले. परीक्षक हात मिळवून गेल्या. फाखक्राफ्ट झाले, कागद यायचा तेवढा बाकी. मी जिन्यात उभी राहून नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, "काय सांगतेस!" आणि मग तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, शेवटी मीच फोन ठेवला. मुलीने मेसेजवर नुसता एक टाळ्यांचा हात पाठवला.

दीड वर्ष घोटून ठेवलेलं एक वाक्य माझ्याकडे तयार होतं. इन्चार्जसमोर जाऊन म्हणायचं, "आता बोलू का?" पण आधी सोळा नंबरला गेले. ते खुर्चीत बसले होते, दमलेले, शर्ट अजून गळ्यापर्यंत बंद.

"पास?" त्यांनी विचारलं.

"पास. पण तुम्हाला हे कधी यायला लागलं?"

"तुमच्या त्या म्हातारीने पिळून काढलं मला," ते म्हणाले. "पाच आठवडे. रोज सकाळी तासभर. कोपर टेका म्हणे, घाई कुणाला आहे म्हणे. मी तिला शिव्या घातल्या तर तिने मला परत घातल्या."

मला आनंद व्हायला हवा होता, पण आतून जळले. मला हिचे उपकार नको होते. दीड वर्ष जिच्या रागावर मी उभी होते, तिने पाच आठवडे खपून माझी परीक्षा पास करून द्यावी, हे मला सहन होत नव्हतं.

ती नर्सरूममध्ये फाइलींना शिक्के मारत होती. मी तयार केलेलं वाक्य बोललेच नाही. म्हटलं, "मला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. माझ्यासाठी एवढं करायची गरज नव्हती."

"तुझ्यासाठी?" ती म्हणाली.

तिने शिक्का खाली ठेवला. रागावली नव्हती. तशी ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठली, कपाटातून सोळा नंबरची जुनी फाइल काढली, दोन वर्षांपूर्वीची, आणि माझ्या हातात दिली. "आता तुला यातलं नियोजन लिहायचा अधिकार मिळेल. मग वाचूनही घे. पहिल्या पानापासून."

पहिलं पान ते हाइममध्ये आले त्या दिवसाचं होतं. कपड्यांच्या रकान्यात लिहिलेलं: शर्ट स्वतः घालतात, बटणं स्वतः लावतात, वेळ लागतो. दुसऱ्या आठवड्यातही तेच. तिसऱ्या आठवड्यात त्या मजल्यावर मी रुजू झाले होते. तिथून पुढे प्रत्येक दिवसाला त्याच रकान्यात दोनच शब्द होते, पूर्ण मदत, आणि प्रत्येक दिवसापुढे माझी सही.